निकालानंतरची पत्रं

नेव्हिल ऑर्मरॉडनं आयुष्यातली पहिली तक्रार लिहिली ती वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. त्याआधी एकतीस वर्षं तो कोल्डशॉ ते बर्नली बस चालवत होता आणि तक्रारी यायच्या त्या त्याच्याविरुद्ध. बस लवकर सुटली, बस उशिरा आली, ड्रायव्हरनं सुटे नाहीत म्हणून चारचौघांत पाणउतारा केला. डेपोतला साहेब कागद पुढे सरकवायचा आणि नेव्हिल म्हणायचा, "पाऊस पडतो त्याचीही एक घाला माझ्या नावावर." लोकांनी बोलायचं आणि आपण ऐकून सोडून द्यायचं, असा त्याचा खाक्या. त्यामुळे कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, तक्रारीच्या फॉर्मवर 'काय घडले ते थोडक्यात लिहा' याच्याखाली सोडलेल्या सहा ओळींपुढे तो दोन दिवस नुसता बसून राहिला.

तक्रार करायचं त्यानं ठरवलं ते एका परत आलेल्या कार्डामुळे. मुलीला, स्टेसीला, वाढदिवसाचं कार्ड पाठवलं होतं. ते न उघडता परत आलं. पाकिटावर तिच्याच अक्षरात, आडवंतिडवं, 'पाठवणाऱ्याला परत'. तिचं अक्षर बऱ्याच दिवसांनी दिसलं म्हणून नेव्हिलनं ते पाकीट फेकलं नाही, खिडकीत उभं करून ठेवलं. मग रोज ते डोळ्यांसमोर यायला लागलं आणि त्याला राहवेना.

स्टेसी त्याची एकुलती एक. विशीत ती आधी गोळ्यांच्या आणि मग गोळ्यांहून वाईट गोष्टींच्या नादी लागली. तिला मुलगी झाली, एफी. एफीचा बाप कोण ते स्टेसीनं सांगितलं नाही आणि पॉलीननं, म्हणजे नेव्हिलच्या बायकोनं, विचारू दिलं नाही. एफी तीन वर्षांची असताना एका सकाळी शेजारणीला ती जिन्यात एकटीच बसलेली सापडली, अंगात फक्त बनियन. आई वर घरात बेशुद्ध पडलेली. कौन्सिलनं मुलीला दुसऱ्या एका कुटुंबाकडे तात्पुरतं ठेवलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्याच हिवाळ्यात पॉलीनला पोटाचा कॅन्सर निघाला. फेब्रुवारीत ती गेली. जूनच्या अखेरीस निकाल लागला, एफीला दत्तक द्यावं.

निकालाच्या दिवशी नेव्हिल कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर बसला होता. आत फक्त ज्यांचा खटला त्यांना. स्टेसी बाहेर आली, चेहरा पांढराफटक, आणि सरळ त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"अहवालात लिहिलंय," ती म्हणाली. "'आजोबांनी मुलीला सांभाळण्यास नकार दिला.' मी माझ्या डोळ्यांनी वाचलं, बाबा. वकिलानं मला पान दाखवलं."

"मी नकार दिला नाही."

"मग कौन्सिलवाल्या बाईनं स्वप्नात ऐकलं का?"

त्यावर नेव्हिल काहीतरी बोलणार होता, पण ती जिना उतरून गेली होती. त्यानंतर दोन वर्षं ती त्याच्याशी बोलली नाही. ती सुधारली हेसुद्धा त्याला दुसऱ्यांकडून कळलं. चौदा महिने झाले, कशाला शिवलेली नाही, बर्नलीत एका बेकरीत कामाला आहे, पहाटे मीट-पाय भट्टीत भाजते म्हणे. या पाय म्हणजे मांस भरलेल्या कणकेच्या वाट्या आणि त्या खायला लोक रांगा लावतात. नेव्हिल एकदा त्या रांगेत उभाही राहिला होता. आपला नंबर जवळ आल्यावर मात्र त्याचा धीर सुटला आणि तो रांग सोडून निघून आला.

त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. कौन्सिलनं एका कागदावर लिहून द्यावं की आमच्या अहवालातलं ते वाक्य चुकीचं होतं. तो कागद घेऊन स्टेसीकडे जाता येईल. एफी परत येणार नाही, हे त्याला कळत होतं. दत्तक म्हणजे दत्तक. पण मुलगी तरी परत येईल.

सहा ओळींत त्यानं एवढंच लिहिलं की मिस लोर्ना पिकअप नावाच्या सोशल वर्करनं त्याच्याबद्दल कोर्टाला खोटं सांगितलं आणि ते दुरुस्त करावं.

कौन्सिलचं उत्तर बारा दिवसांनी आलं. भाषा सभ्य होती. आपली अडचण आम्ही समजू शकतो, परंतु ज्या अहवालाचा विचार न्यायालयाने केला आहे त्याबाबतच्या तक्रारीची आम्ही दखल घेऊ शकत नाही. समाधान न झाल्यास लोकपालांकडे जावे.

नेव्हिल ते पत्र घेऊन लायब्ररीत गेला. तिथे मंगळवारी आणि गुरुवारी सल्ला देणारी बाई बसते, परवीन अख्तर. चाळिशीची, गळ्यात चष्मा, समोर सतत चहाचा थर्मास.

"बसा, मिस्टर ऑर्मरॉड," ती म्हणाली. "मी तुम्हाला ओळखते. मी चौदा वर्षांची असताना तुम्ही मला बसमधून खाली उतरवलं होतं."

"कशाबद्दल?"

"गरम चिप्स खात होते."

"चिप्सवरच्या व्हिनेगरचा वास सीटला धरतो. आठवडाभर जात नाही."

"पाऊस पडत होता."

"तो पडतोच," नेव्हिल म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले.

परवीननं पत्र वाचलं, मग पुन्हा वाचलं. "यांचं बरोबर आहे," ती म्हणाली.

"तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"तुमच्या. म्हणून तर सांगते. मुलांच्या ताब्याचं प्रकरण एकदा कोर्टासमोर गेलं की तिथे जे सांगितलं गेलं, जे लिहून दिलं गेलं, ते सगळं कोर्टाचं झालं. अहवाल खोटा आहे असं म्हणायचं तर ते तिथेच, त्याच वेळी म्हणायचं. नाहीतर वरच्या कोर्टात अपील. त्याला एकवीस दिवस असतात. तुमचे दोन वर्षांपूर्वी संपले."

"मला आत घेतलंच नाही."

"आत येऊ द्या असा अर्ज केलात?"

"अर्ज करायचा असतो हे मला कोण सांगणार? मी बस चालवायचो, बाई."

परवीननं थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्याच्यापुढे ठेवला. "तुमच्यासारखे वर्षाला दहा-बारा येतात इथे. सगळ्यांना अर्ज नंतर कळतो. ते वाईट आहे, मी नाही म्हणत नाही. पण दुसरी बाजू बघा. न्यायाधीशानं निकाल दिला. आता ऑफिसातल्या कुणीतरी तोच निकाल मागच्या दारानं उघडायचा म्हटलं तर तुमची नात ज्या घरात आहे त्या घराला कधी स्वस्थता मिळेल का?"

"मला निकाल बदलायचा नाही. एक वाक्य बदलायचंय."

"त्या वाक्यावर निकाल उभा आहे ना?"

नेव्हिलनं चहा पिऊन टाकला. तरीही तो म्हणाला, लोकपालाकडे पाठवायचंच. परवीन म्हणाली, पाठवा, कागद वाया जाईल. तिनंच त्याला फॉर्म भरून दिला.

लोकपालाच्या कार्यालयातून फोन आला तेव्हा नेव्हिल भाजीच्या मळ्यात होता. कौन्सिलनं भाड्यानं दिलेल्या त्या पट्टीत तो लीक, म्हणजे जाड पातीचा कांदा, आणि कोबी लावायचा. फोनवर एक तरुण आवाज होता, वेल्सकडचा, नाव ओवेन.

"मिस्टर ऑर्मरॉड, तुमची तक्रार आम्हाला चौकशीला घेता येणार नाही. हे मी पत्रातून कळवू शकलो असतो, पण म्हटलं बोलून सांगावं."

"म्हणजे मी खोटं बोलतोय."

"तसं मी म्हणत नाही. तुमचं खरं आहे असंही म्हणत नाही. मला तिकडे बघायचीच मुभा नाही. कायद्यानंच दार बंद केलंय. कोर्टात जे घडलं, आणि कोर्टात जे मांडलं गेलं, ते आमच्या हद्दीबाहेर."

"मग तुम्ही तिथे बसलाय कशाला?"

ओवेनला राग आला नाही. असं विचारणारा नेव्हिल काही पहिला नसावा. "बाकीच्या गोष्टींसाठी. कौन्सिलनं कोर्टाबाहेर जे केलं, किंवा करायला हवं होतं आणि केलं नाही, ते आम्ही बघतो. तसं काही असेल तर मला कळवा."

"तसं काही नाही," नेव्हिल म्हणाला आणि फोन खिशात टाकून त्यानं कोबीवरच्या अळ्या वेचायला घेतल्या. खरंतर त्याला रडू येत होतं. पण शेजारच्या पट्टीत हेडली म्हातारा बटाटे काढत होता आणि हेडलीसमोर रडण्यापेक्षा अळ्या बऱ्या.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा लायब्ररीत गेला. काही काम नव्हतं. परवीनला 'तुझं बरोबर निघालं' एवढं सांगावं, असं त्यानं स्वतःला बजावलं होतं. तिनं ऐकून घेतलं. मग तिनं एक कोरा कागद घेतला, मधोमध पट्टीनं उभी रेघ मारली आणि डाव्या बाजूला लिहिलं, निकालापर्यंत. उजव्या बाजूला, निकालानंतर.

"डावीकडचं सोडून द्या. सगळं. आता मला उजवीकडचं सांगा. निकालानंतर काय झालं?"

"काही नाही."

"एफीशी तुमचा काहीच संबंध ठेवला नाही कोर्टानं?"

"पत्रं. वर्षातून दोन. जूनमध्ये एक, डिसेंबरमध्ये एक. कौन्सिलकडे पाठवायची, ते पुढे पाठवणार. पत्ता आपल्याला कळू देत नाहीत."

"पाठवलीत?"

"चारही. एकही चुकवलं नाही."

"आणि त्यांच्याकडून?"

"त्यांना नको असेल," नेव्हिल म्हणाला. "ज्या माणसानं नकार दिला असं कोर्टात लिहिलंय त्याला कोण पत्र लिहील?"

परवीननं चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुमची पत्रं पोचली असं तुम्हाला कुणी कळवलं?"

"नाही."

"पोचपावती? फोन?"

"नाही म्हटलं ना."

"मग त्यांना नको आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

 एकतीस वर्षं नेव्हिलनं लोकांना सांगितलं होतं की बस येत नाही याचा अर्थ ती रद्द झाली असा होत नाही. हे त्याला स्वतःला लावून बघायचं सुचलं नव्हतं.

दुसरी तक्रार, पत्रांबद्दलची, परवीननं लिहिली, चार वाक्यांत. कोर्टाचा उल्लेख फक्त एका तारखेपुरता. कौन्सिलचं उत्तर आलं की आपली पत्रे प्राप्त झाली असून त्यांवर प्रक्रिया करण्यात आली आहे.

"प्रक्रिया!" परवीन म्हणाली. "लोणचं घातलं का त्यांचं?" तिनं परत लिहिलं, पत्रं पुढे पाठवली का, हो किंवा नाही, आणि कोणत्या तारखेला. त्यावर सात आठवडे शुकशुकाट. मग ते प्रकरण ओवेनकडे गेलं आणि या वेळी त्याचं दार उघडं होतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याचा फोन आला.

"बसलाय का तुम्ही?" त्यानं विचारलं.

"उभा आहे. बोल."

"पत्रांचं काम बघणाऱ्या बाई अडीच वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कुणाला घेतलंच नाही. येणारी पाकिटं एका लोखंडी कपाटात ठेवली जात होती. त्रेचाळीस कुटुंबांची आहेत. तुमची चार त्यात सापडली." कागद उलटल्याचा आवाज आला. "आणखी चार सापडली, तुमच्या नावानं आलेली. तिकडून."

नेव्हिल खुर्ची ओढून बसला.

"ऐकताय ना?"

"पोरा," नेव्हिल म्हणाला, "त्यांनी लिहिली होती?"

"दर वेळी. जून आणि डिसेंबर."

कौन्सिलनं माफी मागितली, जागा भरली, आणि त्रेचाळीस घरांना पाकिटं रवाना केली. नेव्हिलचं पाकीट रजिस्टर टपालानं आलं, खाकी, जाडजूड. पोस्टमननं सही घेतली. नेव्हिलनं ते टेबलावर ठेवलं, हात साबणानं धुतले, पॉलीनच्या खुर्चीत बसला आणि तारखेनं लावून एकेक वाचलं.

लिहिणाऱ्या बाईचं नाव रूथ. आडनाव नव्हतं. पहिलं पत्र बेतशीर, पाहुण्यासारखं होतं. एफी आली, एफीला तिची खोली आवडली, एफी रात्री दिवा लावून झोपते. दुसऱ्यात लिहिलं होतं, तुमचं उत्तर आलं नाही, तुमच्यावर काय प्रसंग गुदरला आहे ते आम्हाला ठाऊक आहे, घाई नाही. तिसरं लांबलचक होतं. एफी शाळेत जाते, पुढचे दोन दात पडले, मटार खात नाही. आणि एक विचारायचं होतं. ती जिना चढताना काहीतरी म्हणते. यान, टान, टेथेरा, मेथेरा, पिप. आम्हाला वाटलं ती शब्द बनवते. शाळेतल्या बाईंना वाटलं तिच्या बोलण्यात दोष आहे. ती म्हणते, आजोबांचं आहे. हे काय आहे ते तुम्ही सांगाल का?

चौथं एका पानाचं होतं. आम्ही लिहीत राहू. पत्रं नको असतील तर कृपया तसं कळवा, म्हणजे एफीला काय सांगायचं ते आम्हाला ठरवता येईल. तिनं मागच्या आठवड्यात विचारलं, आजोबा माझ्यावर रागावलेत का?

हे वाक्य वाचून नेव्हिल उठला, कोट घालून मळ्यात गेला आणि एकही लीक काढायला आलेला नसताना अर्धी रांग उपटून काढली. हेडलीनं विचारलं, "नेव्हिल, डोकं फिरलं का तुझं?" तो म्हणाला, "हो." हेडली आपल्या कामाला लागला.

घरी येऊन त्यानं उत्तर लिहिलं. त्याला कधी एवढं लिहायची सवय नव्हती, पण त्या दिवशी पेन थांबेना. एफी, रागाचं काही नाही, तुझ्यावर तर कधीच नव्हता, पत्रं कपाटात अडकली होती, तुझीही आणि माझीही. रूथबाई, शाळेतल्या बाईंना सांगा, पोरीच्या बोलण्यात खोट नाही. माझे वडील डोंगरावर दुसऱ्याची मेंढरं राखायचे, ते असे मोजायचे, त्यांचे वडीलही असेच. पिप म्हणजे पाच. वीसपर्यंत शिकवायचं राहून गेलं, पुढचे आकडे खाली लिहिले आहेत.

ते पत्र नव्या माणसानं तिसऱ्या दिवशी पुढे पाठवलं आणि तसं कळवलंही.

इथे खरंतर नेव्हिलचं समाधान व्हायला हवं होतं. परवीनलाही तसंच वाटलं. पण तो मंगळवारी पुन्हा तिच्यापुढे येऊन बसला.

"डाव्या बाजूचं काहीच होत नाही का?"

"नाही," ती म्हणाली. "एक गोष्ट होते, पण ती दुरुस्ती नव्हे. अहवाल आहे तसाच राहणार. तुम्ही तुमचं म्हणणं लिहून दिलंत तर ते त्याच फाइलमध्ये लावून ठेवायला सांगता येतं. अठरा वर्षांची झाल्यावर एफी ती फाइल बघायला मागू शकते. मग ती तुमचंही वाचेल."

"तेवढंच द्यायचं, की मी नकार दिला नाही."

"मग तसं लिहा." तिनं कागद पुढे केला. नेव्हिलनं पेन घेतलं आणि लिहिलं नाही.  शेजारच्या टेबलावर एक आजीबाई मोठ्यांदा पान उलटत होत्या.

"मिस्टर ऑर्मरॉड," परवीन हळूच म्हणाली, "फोनवर नक्की काय बोलणं झालं होतं?"

हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. स्टेसीनं नाही, कौन्सिलनं नाही, ओवेनला विचारायची परवानगी नव्हती.

"पॉलीनला पुरून नऊ दिवस झाले होते," तो म्हणाला. "घरात तिची औषधं तशीच पडली होती. फोन वाजला. ती पिकअप बाई. चांगलं बोलत होती, तिचं काही वाईट नव्हतं. म्हणाली, एफीला तुमच्याकडे ठेवायचा विचार झाला तर तुमची तयारी आहे का? मी म्हटलं..." त्यानं पेनचं टोपण लावलं. "मी म्हटलं, मला एकट्याला नाही जमायचं. मला स्वतःपुरतं अंडंही उकडता येत नाही. ती म्हणाली, बरं, कळलं. मी म्हटलं, बरं. आणि फोन ठेवला."

परवीननं थर्मासचं झाकण लावलं.

"अकराव्या दिवशी मी फोन केला. सांगायला, की मी बघतो कसं जमवायचं ते. मशीनवर निरोप ठेवला. पुन्हा केला, पुन्हा ठेवला. तोवर अहवाल गेला होता. नवव्याच दिवशी, तिचा फोन आला त्याच दिवशी."

"म्हणजे तिनं खोटं लिहिलं नव्हतं."

"खरंही नव्हतं."

"नाही," परवीन म्हणाली. "खरंही नव्हतं. हेच लिहा. जसं सांगितलंत तसं."

त्यानं लिहिलं. अंड्यासकट. एक पान झालं. परवीननं त्याच्या दोन प्रती काढल्या, एक फाइलसाठी, एक त्याच्यासाठी. आपल्या प्रतीची घडी घालून त्यानं ती रूथच्या चार पत्रांबरोबर कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

शुक्रवारी दुपारी तो बर्नलीला गेला. या वेळी रांगेत उभा राहिला नाही, मागच्या दाराला गेला. एक पोरगी पिठाच्या पिंपावर बसून सिगारेट ओढत होती. तिला म्हणाला, स्टेसीला सांग तिचा बाप आलाय, घाईचं नाही.

स्टेसी आली. डोक्याला जाळी, हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने चट्टे, भट्टीचे. अंगानं भरली होती. तिनं दार मागे ओढून घेतलं.

"कुणी मेलं का?"

"नाही."

"मग? माझी सुट्टी दहा मिनिटांची असते."

नेव्हिलनं तो कागद पुढे केला. कौन्सिलचा शिक्का नसलेला, त्याच्याच अक्षरातला. स्टेसीनं तो भिंतीला टेकून वाचला. वाचता वाचता तिचे ओठ हलत होते, लहानपणी हलायचे तसे.

"म्हणजे तू म्हणाला होतास," ती म्हणाली.

"हो."

"दोन वर्षं तू सगळ्यांना सांगत फिरलास की मी नकार दिला नाही."

"नकार दिला नाही असं मला वाटत होतं. मला जमणार नाही, एवढंच म्हटलं होतं मी. त्यांच्याकडे या दोन गोष्टींना एकच शब्द आहे."

"आणि तू हो म्हटलं असतंस तर?"

"तर कदाचित ती माझ्याकडे असती. कदाचित न्यायाधीशानं म्हटलं असतं, म्हातारा एकटा आहे. मला माहीत नाही, स्टेसी. आता कुणालाच माहीत नाही. ते पुन्हा कुणी उघडून बघणार नाही, मी विचारून आलोय."

स्टेसीनं जाळी काढली, पुन्हा घातली. आतून कुणीतरी तिच्या नावानं ओरडलं, ती म्हणाली, "आले रे, भट्टी काय पळून जातेय?" मग बापाकडे न बघता म्हणाली, "मी तर शुद्धीवरही नव्हते. नकार द्यायला तरी शुद्ध लागते." आणि जरा वेळानं, "आई गेली तेव्हा मी आले नाही. ते तू कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"हं."

मग त्यानं पत्रं काढली. कपाटाची हकिगत सांगितली. तिनं पहिलं पत्र तिथेच उभ्यानं वाचलं, दुसरं अर्धं वाचलं आणि एकदम घडी घातली. "इथे नको," ती म्हणाली. "इथे हात पिठाचे आहेत. मी घरी नेऊ?"

"ने."

"शनिवारी आणून देते. दुपारी. जेवायला काही करू नकोस, तुला येत नाही. मी इथलं आणते."

शनिवारी ती आली, पत्रं ब्रेडच्या पिशवीत घालून. दोघांनी मीट-पाय खाल्ल्या. कोर्टाबद्दल कुणी बोललं नाही. सगळं काही मिटलं असंही नव्हतं. तिसऱ्या शनिवारी तिनं त्याच्यावर त्या फोनवरून पुन्हा आरडाओरडा केला आणि पुढचा आठवडा आली नाही. नंतरच्या शनिवारी आली. आपणही लिहू शकतो, कोर्टानं तिलाही वर्षाला दोन पत्रांची परवानगी दिली होती, हे तिला ठाऊक होतं. पण तिनं एकही लिहिलं नव्हतं. माझं पत्र कोण पोचू देणार, असं तिनं गृहीत धरलं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नेव्हिल आपलं पत्र लिहायला बसला तेव्हा तिनं खुर्ची त्याच्या शेजारी ओढली. पत्राबरोबर कौन्सिलला पाठवायचा, परवीननं दिलेला फॉर्म तिनं आधी भरला. नाव, पत्ता, नातं. नात्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मग तिनं तो रकाना तसाच सोडला आणि पत्राचा कागद पुढे घेतला.

"सुरुवात काय करू?" तिनं विचारलं.

"तब्येत बरी आहे असं लिही. आहे ना?"

"आहे," स्टेसी म्हणाली आणि लिहायला लागली.